शहरातले देशी परागवाहक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परागवाहकांसाठी, म्हणजे एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलापर्यंत नेणाऱ्या जिवांसाठी, काहीतरी करायचं ठरलं की पहिली सूचना येते झाडं लावण्याची आणि दुसरी मधाच्या पेट्या ठेवण्याची. झाडं हवीतच, पेट्यांबद्दल पुढे बोलूच. पण शहरात या जिवांचं बरंवाईट ठरतं ते त्याहून साध्या गोष्टींवर: गवत कधी कापलं जातं, औषध कुठे मारलं जातं, वाळलेली फांदी उचलली जाते की राहू दिली जाते, रात्री किती दिवे जळतात. हे सगळे निर्णय उद्यान आणि आरोग्य विभागाच्या रोजच्या कामात होतात. म्हणून खालची उत्तरं नगरपालिकेचे कर्मचारी, लोकप्रतिनिधी, सोसायट्यांच्या समित्या आणि शाळा यांना उपयोगी पडतील अशा बेताने लिहिली आहेत.

परागवाहक म्हणजे मधमाश्याच ना?

मधमाश्या त्यातल्या एक, आणि त्यातही आपल्या डोळ्यांसमोर येणारी पोळं बांधणारी मधमाशी हा अपवादच म्हणायचा. जगात मधमाश्यांच्या २०,००० हून जास्त जाती आहेत. त्यातल्या बहुतेक एकट्या राहतात. त्यांना राणी नाही, कामकरी नाहीत, मधाचा साठा नाही. एक मादी, तिचं एक छोटं बीळ, त्यात तिने भरलेले परागाचे गोळे आणि प्रत्येक गोळ्यावर एक अंडं, एवढाच संसार.

याशिवाय फुलपाखरं, पतंग, भुंगेरे, गांधीलमाश्या, पक्षी, वटवाघळं हे सगळे परागीभवन करतात. माश्यांचा वाटा तर फार मोठा आहे. फुलासमोर हवेत एका जागी तरंगणारी, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची माशी पाहिली असेल. ती मधमाशी नव्हे. तिच्या बऱ्याच जातींच्या अळ्या झाडावरचा मावा खातात, म्हणजे एकाच किड्याकडून दोन कामं होतात. वड, पिंपळ, उंबर यांचं परागीभवन त्यांच्या फळांत शिरणाऱ्या इवल्याशा वास्प, म्हणजे गांधीलमाशीच्या नात्यातले बारीक कीटक, करतात, आणि साधारणपणे प्रत्येक जातीच्या झाडाची वास्प वेगळी असते.

यांच्यावाचून नेमकं काय अडतं?

जंगली सपुष्प वनस्पतींपैकी जवळपास ९० टक्के वनस्पती कमी-अधिक प्रमाणात प्राण्यांकडून होणाऱ्या परागीभवनावर अवलंबून आहेत. जगातल्या प्रमुख अन्नपिकांपैकी सुमारे ७५ टक्के पिकांना त्याचा थोडाफार तरी फायदा होतो. गहू, भात, मका वाऱ्यावर किंवा स्वपरागणावर भागवतात, त्यामुळे माणूस लगेच उपाशी मरणार नाही. फळं, भाज्या, तेलबिया, सुकामेवा मात्र कमी होतील. शहराच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट: बागेतल्या झाडाला बी धरलं नाही तर पक्ष्यांना खायला काही नाही, आणि त्या झाडाची पुढची पिढीही नाही.

‘देशी’ वर एवढा भर कशासाठी? माशी ती माशी.

कारण फूल आणि त्यावर येणारा कीटक यांची जुळणी एकाच भूभागात फार मोठ्या काळात झालेली असते. सोंडेची लांबी, फुलाची खोली, उमलण्याची वेळ, बाहेर पडण्याचा हंगाम हे सगळं एकमेकांना धरून असतं. टोमॅटो-वांग्याच्या फुलाचं उदाहरण घ्या. त्याचे परागकोश नळीसारखे असतात आणि टोकाला बारीक भोक असतं. निळ्या पट्ट्यांची मधमाशी त्या नळीला धरते, पंख न फडफडवता उडण्याचे स्नायू थरथरवते आणि पराग भोकातून तिच्या पोटावर सांडतो. जवळ उभं राहिलं तर ती गुणगुण स्पष्ट ऐकू येते. मध देणाऱ्या पाळीव मधमाशीला हे करता येत नाही.

बाहेरची जात आणली की काय होऊ शकतं, हे दक्षिण अमेरिकेत दिसलं. १९९० च्या दशकाच्या शेवटी चिलीत हरितगृहातल्या पिकांसाठी युरोपातली बंबलबी, म्हणजे जाडजूड, केसाळ मधमाशी, आणली गेली. ती बाहेर पडून अर्जेंटिनापर्यंत पसरली, आणि ती जिथे पोचली तिथून तिथली मूळची, आकाराने जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक असलेली बंबलबी झपाट्याने दिसेनाशी होत गेली.

शहरात या जिवांना जगता तरी येतं का?

येतं, आणि कधीकधी आजूबाजूच्या शेतीपेक्षा बरं जगता येतं. एकच पीक आणि सतत फवारणी असलेल्या शिवारापेक्षा परसबागा, पडीक तुकडे, रेल्वेच्या कडा, जुनी स्मशानं यांत फुलांची विविधता जास्त मिळते. ब्रिटनमध्ये ब्रिस्टल, एडिनबरा, लीड्स आणि रीडिंग या चार शहरांत झालेल्या अभ्यासात घरांच्या बागा आणि लोकांनी कसायला घेतलेले भाजीचे वाफे हे परागवाहकांचे सगळ्यात चांगले अड्डे ठरले. मोठ्या, नीटनेटक्या हिरवळी त्या मानाने रिकाम्या होत्या.

पण शहर संपवूही शकतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या वाळूच्या टेकड्यांवर झेर्सीस ब्लू नावाचं छोटं निळं फुलपाखरू होतं. टेकड्यांवर वस्ती वाढत गेली आणि १९४० च्या दशकाच्या सुरुवातीनंतर ते कोणाला दिसलं नाही. ते जगात दुसरीकडे कुठेही नव्हतं. एका शहराच्या वाढीने एक अख्खी जात गेली, हे मला या विषयातलं सर्वांत लक्षात ठेवण्यासारखं उदाहरण वाटतं.

मग आम्ही गच्चीवर आणि बागांत मधाच्या पेट्या ठेवल्या तर?

मध हवा असेल तर ठेवा, पण त्याला देशी परागवाहकांचं संरक्षण म्हणू नका. एका पेटीत हजारो माश्या असतात आणि त्या रोज आजूबाजूचा मकरंद आणि पराग गोळा करून नेतात. फुलं तेवढीच राहिली आणि पेट्या वाढल्या तर कोणाच्या वाट्याचं जातं? एकट्या राहणाऱ्या माशीच्या. पॅरिसमध्ये झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पेट्यांची दाटी असलेल्या भागात जंगली परागवाहकांच्या फुलांवरच्या फेऱ्या कमी आढळल्या. शिवाय पाळीव मधमाश्यांचे विषाणू फुलांवरून जंगली माश्यांकडे जातात.

ज्या भूभागात ती मधमाशी मुळातच बाहेरून आणलेली आहे, तिथे हा प्रश्न जास्त गंभीर. ज्या भागात ती देशी आहे, तिथेही शंभर पेट्या एका बागेभोवती रचणं योग्य नाही. कंपन्या ‘निसर्गासाठी’ म्हणून पेट्या दत्तक घेतात तेव्हा नगरपालिकेने त्यांना नम्रपणे सांगावं की त्याच पैशांत देशी झाडोऱ्याचा एक पट्टा तयार करून द्या.

सगळ्यात आधी काय करावं?

विष थांबवा. बाकी सगळं त्यानंतर. फुलं लावून त्यांवरच फवारणी करणं म्हणजे पाहुण्यांना बोलावून मारणं.

शोभेसाठी, म्हणजे पानाला भोकं पडली म्हणून किंवा फुटपाथच्या फटीत गवत उगवलं म्हणून सार्वजनिक जागेत कीटकनाशक किंवा तणनाशक मारण्याचं काही कारण नाही. फटीतलं गवत हाताने किंवा गरम पाण्याने काढता येतं. आजार पसरवणाऱ्या किंवा झाडच मारणाऱ्या किडीचा प्रश्न असेल तर आधी पाहणी, मग यांत्रिक उपाय, मग जैविक, आणि अगदी शेवटी रसायन, तेही ठरावीक झाडापुरतं आणि फुलोरा नसताना.

निओनिकोटिनॉइड गटातली कीटकनाशकं मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहेत. ती झाडाच्या अंगात भिनतात, त्यामुळे पानावर मारलेलं औषध पुढे मकरंदात आणि परागातही उतरतं. युरोपीय संघाने २०१८ साली त्यातल्या तीन रसायनांच्या, म्हणजे इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायमेथोक्झाम यांच्या उघड्यावरच्या वापरावर बंदी घातली. गंमत अशी, की शहर स्वतः फवारत नसलं तरी रोपवाटिकेतून आलेल्या रोपांतून ती येऊ शकतात. म्हणून रोपांच्या निविदेत ‘या गटातलं कीटकनाशक न वापरता वाढवलेली रोपं’ अशी अट लेखी घालावी. तोंडी विचारून भागत नाही.

डासांचं काय? धूरफवारणी बंद केली तर साथ येईल.

ही काळजी खरी आहे आणि ती टाळून चालणार नाही. डासांनी पसरणारे आजार माणसं मारतात. पण धूर हा डासांवरचा सगळ्यात कमजोर उपाय आहे. तो त्या क्षणी उडणारे मोठे डास मारतो, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात आणि थोड्या दिवसांत नवी पिढी बाहेर पडते. पाणी साचू न देणं, टाक्या झाकणं आणि जिथे पाणी काढताच येत नाही तिथे बीटीआय हे जिवाणूजन्य अळीनाशक टाकणं, यावर जोर द्या. बीटीआय डासांच्या आणि त्यांच्या जवळच्या काही माश्यांच्या अळ्यांवर काम करतं, मधमाश्यांना त्याचा त्रास होत नाही.

साथीच्या काळात धूर करावाच लागला तर रोगी सापडलेल्या भागापुरता, अंधार पडल्यावर, आणि फुललेली झाडं टाळून करावा. वेळ चुकली की काय होतं ते अमेरिकेत साउथ कॅरोलिनात दिसलं. ऑगस्ट २०१६ मध्ये झिकाच्या धास्तीने तिथल्या एका काउंटीत सकाळी, मधमाश्या बाहेर पडलेल्या असताना, विमानातून फवारणी झाली. पेट्यांसमोर लाखो माश्या मरून पडल्या. जंगली माश्या किती गेल्या याची तर मोजणीच शक्य नव्हती.

गवत किती दिवसांनी कापावं?

जेवढं कमी तेवढं बरं, पण ‘अजिबात नाही’ हेही उत्तर नाही. कधीच कापलं नाही तर झुडपं आणि आक्रमक तणं फुलांना दाबतात.

अमेरिकेत स्प्रिंगफील्ड या शहरातल्या घरांच्या हिरवळींवर केलेला एक अभ्यास यासाठी फार उपयोगी आहे. दर आठवड्याऐवजी दर दोन आठवड्यांनी गवत कापलं तेव्हा मधमाश्या जास्त आल्या, आणि तीन आठवड्यांनी कापलं तिथे गवतातली फुलं अडीच पटीपर्यंत वाढली. म्हणजे खर्च वाढवायचा नाही, उलट यंत्राच्या फेऱ्या कमी करायच्या.

जिथे मुलं खेळतात ती जागा नेहमीप्रमाणे कापा. दुभाजक, नाल्याच्या कडा, बागेचे मागचे कोपरे, पाण्याच्या टाकीभोवतीची जागा इथे वर्षातून एकदा-दोनदा, बी पडून गेल्यावर कापणी पुरते. आणि एका वेळी सगळं कापू नये. आज अर्धा पट्टा, उरलेला काही आठवड्यांनी. कोषातली फुलपाखरं आणि काड्यांतली अंडी तेवढ्या वेळात निभावून जातात. कापलेलं गवत एक-दोन दिवस तिथेच पडू द्यावं आणि मग उचलावं. कायम तिथेच कुजलं तर जमीन जास्त सुपीक होते, गवत माजतं आणि रानफुलं मागे पडतात.

लोक तक्रार करतात की नगरपालिकेने लक्ष सोडलंय.

करणारच. वाढलेलं गवत म्हणजे दुर्लक्ष, ही सवय जुनी आहे. यावर चालणारा उपाय सोपा आहे: त्या पट्ट्याच्या कडेने हातभर रुंदीची पट्टी व्यवस्थित कापलेली ठेवा आणि एक फलक लावा. फलकावर उपदेश नको. इथे काय फुलतं, कोण येतं आणि कापणी कधी होणार, एवढंच. कापणीची तारीख दिली की लोकांना कळतं की हे ठरवून केलेलं आहे. कचरा मात्र रोज उचलला गेला पाहिजे. फुलांत अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या दिसल्या तर कुठलाही फलक कामाला येत नाही.

कोणती झाडं लावावीत?

आपल्या भूभागातली, आणि वर्षाच्या प्रत्येक महिन्यात काहीतरी फुललेलं राहील अशी. यादी करताना बारा महिन्यांचा तक्ता काढा आणि कोणता महिना रिकामा राहतो ते पाहा. खरी उपासमार त्याच महिन्यात होते. वृक्ष, झुडूप, वेल, गवतातली बारीक फुलं हे सगळे थर हवेत. मोठा वृक्ष बहरला की एकाच जागी हजारो फुलं मिळतात, त्यामुळे एक जुनं देशी झाड वाचवणं हे बरीच नवी रोपं लावण्यापेक्षा मोलाचं असतं.

फुलपाखरांसाठी मकरंद अर्धंच काम करतो. मादीला अंडी घालायला ठरावीक झाड लागतं. रुईवर एका जातीच्या अळ्या, लिंबाच्या पानांवर दुसऱ्या. अळीने खाल्लेलं पान ही कीड समजून फवारलं तर फुलपाखरू कुठून येणार? यादीत ‘अळीची झाडं’ असा वेगळा रकाना ठेवा.

टाळायचं काय? दुहेरी-तिहेरी पाकळ्यांच्या संकरित फुलांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. दिसायला भरगच्च, आत पराग नाही, मकरंदापर्यंत वाट नाही. उष्ण प्रदेशातल्या रस्त्यांवर शोभेसाठी लावलं जाणारं पिचकारीचं झाड, म्हणजे आफ्रिकेतलं स्पॅथोडिया, हे तर घातकच. ब्राझीलमध्ये त्याच्या फुलांत डंख नसलेल्या देशी मधमाश्या मरून पडलेल्या सापडल्या आहेत.

लहान एकट्या माश्या घरट्यापासून फार लांब जात नाहीत, बऱ्याच जातींची मजल दीडशे ते सहाशे मीटर. त्यामुळे शहराच्या टोकाला एक मोठं उद्यान करण्यापेक्षा काहीशे मीटरवर छोटे छोटे तुकडे जास्त उपयोगाचे.

घरट्यांसाठी काय करायचं?

हा भाग जवळजवळ सगळीकडे विसरला जातो, म्हणून जरा सविस्तर.

मधमाश्यांच्या सुमारे ७० टक्के जाती जमिनीत बीळ करतात. त्यांना हवी असते उघडी, न तुडवलेली, ऊन लागणारी, पाणी न साठणारी माती. आणि आपण काय करतो? झाडाच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवतो, उरलेल्या मातीवर प्लॅस्टिक अंथरतो किंवा जाड पालापाचोळा पसरतो. प्रत्येक बागेत दक्षिणेकडे किंवा पूर्वेकडे उतार असलेला एक उघड्या मातीचा तुकडा राखून ठेवा. सकाळी तिथे वाकून पाहिलं तर पेन्सिलच्या जाडीची भोकं आणि प्रत्येकाभोवती भुसभुशीत मातीचं कडं दिसेल. थोडं थांबलात तर पोटाला किंवा पायांना पिवळा पराग माखलेली माशी येते, क्षणभर घिरट्या घालते आणि आपलं नेमकं भोक ओळखून आत जाते. ही मुंग्यांची वारुळं नाहीत, त्यांत औषध ओतू नका.

दुसरा गट पोकळीत राहतो. मोठा काळा भुंगा वाळक्या लाकडात आणि बांबूत पोखरतो. पानकापी मधमाशी गुलाबासारख्या पानाच्या कडेतून सुबक तुकडे कापते. लांबट तुकडे भिंतीला, गोल तुकडे झाकणाला. तुकडा पायांत गुंडाळून ती उडते तेव्हा पानच उडत चाललंय असं वाटतं. यांच्यासाठी मेलेली झाडं, धोका नसेल तिथे, माणसाच्या उंचीपर्यंत खोड ठेवून छाटावीत. छाटलेल्या फांद्यांचा एक ढीग बागेच्या कोपऱ्यात पडू द्यावा. पोकळ काड्यांची झुडपं हंगाम संपला म्हणून जमिनीलगत कापू नयेत.

निळ्या पट्ट्यांच्या माश्यांचे नर तर घरट्यातही झोपत नाहीत. संध्याकाळी एखाद्या काडीला जबड्याने पकडून ओळीने लटकतात आणि तसेच रात्र काढतात. काडी कापली की आसराच गेला.

बाजारात मिळणारी ‘कीटक हॉटेलं’ चांगली का?

शाळेत मुलांना दाखवायला चांगली. शंभर भोकांची मोठी मांडणी मात्र नको, दाटीत परजीवी आणि बुरशी पसरते. छोटी, विखुरलेली करा. भोकं ३ ते १० मिलिमीटर रुंद, १५ सेंटिमीटरच्या आसपास खोल, मागून बंद, आतून गुळगुळीत. पाऊस लागणार नाही आणि सकाळचं ऊन मिळेल अशी टांगा. नळ्या ठरावीक काळाने बदला. हे करणारं कोणी नसेल तर लावू नका.

दिव्यांचा काय संबंध?

रात्री पतंग, भुंगेरे आणि वटवाघळं काम करतात. पांढरी, सुगंधी, संध्याकाळी उमलणारी बरीच फुलं त्यांच्यासाठीच असतात. स्वित्झर्लंडमध्ये अंधाऱ्या कुरणांत रस्त्याचे दिवे लावून पाहिलं गेलं, तेव्हा रात्रीच्या परागवाहकांच्या फेऱ्या ६२ टक्क्यांनी घटल्या आणि तपासलेल्या वनस्पतीची फलधारणा १३ टक्क्यांनी कमी झाली, दिवसा कीटक येत असूनही. तो अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला.

रस्ता अंधारात ठेवा असं कोणी म्हणत नाही. दिव्याला वरून झाकण, प्रकाश खालीच, पिवळसर छटा, आणि बाग बंद झाल्यावर आतले दिवे बंद. झाडांवर खालून सोडलेले झोत आणि फांद्यांना गुंडाळलेल्या माळा मात्र सरळ काढून टाकाव्यात.

इमारतीवर किंवा टाकीला आग्यामाश्यांचं पोळं लागलं तर?

घाबरणं साहजिक आहे, त्या चिडल्या तर जीवघेण्या ठरू शकतात. पण छेडल्याशिवाय त्या सहसा हल्ला करत नाहीत, आणि हंगाम बदलला की पोळं सोडून निघून जातात. उंच आणि वर्दळीपासून दूर असेल तर खालची जागा दोरी बांधून बंद करा आणि थांबा. दगड, धूर, आग, फटाके, जोराचा झोत यांपैकी काही नको. शाळा-दवाखान्याच्या दारावर असेल तर प्रशिक्षित माणसाकडून रात्री हलवून घ्या. झाडाच्या फांदीला नुसताच माश्यांचा घोस लटकलेला असेल, पोळं नसेल, तर तो वाटेत विसावलेला थवा असतो आणि बहुधा एक-दोन दिवसांत उडून जातो. नगरपालिकेने अशा प्रशिक्षितांची यादी अग्निशमन दलाकडे द्यावी, म्हणजे जाळण्याची घाई होणार नाही.

एकट्या माश्यांची भीती तर बाळगूच नका. त्यांना राखायला साठा नसतो, हातात दाबल्याशिवाय त्या डंख मारत नाहीत, आणि कुठल्याही मधमाशीच्या नराला डंखच नसतो.

हे कायम टिकावं म्हणून काय करायचं?

एखादा उत्साही अधिकारी बदलून गेला की काम थांबतं, म्हणून ते कागदावर यायला हवं. अमेरिकेत अॅशव्हिल हे २०१२ साली पहिलं ‘बी सिटी’, म्हणजे मधमाश्यांचं शहर, झालं. त्या योजनेत शहर ठराव करतं, समिती नेमतं, कीटकनाशकं कमी करण्याचा आराखडा आणि देशी झाडांची यादी जाहीर करतं आणि दरवर्षी अहवाल देतं. कोस्टा रिकामधल्या कुरिदाबात या शहराने परागवाहकांना शहराचे नागरिक मानून नियोजन केलं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टने २०१९ पर्यंत तीनशेहून अधिक बसथांब्यांच्या छतांवर हिरवळ लावली. त्याची छायाचित्रं सगळीकडे फिरली, पण माझ्या मते अनुकरण करायचं तर आधी ठराव आणि अहवालाचं करावं, छतांचं नंतर.

सगळ्यात ताकदीचा कागद म्हणजे बाग देखभालीचा ठेका. ठेकेदाराला कापणीच्या फेऱ्यांवर पैसे मिळत असतील तर तो कापतच राहणार. ‘इतक्या फेऱ्या’ ऐवजी ‘इतका पट्टा फुललेला राखणे’ असं काम लिहा, आणि मुकादम व माळ्यांना प्रत्यक्ष जागेवर अर्धा दिवस प्रशिक्षण द्या. कोणतं रोप तण आणि कोणतं राखायचं, हे शेवटी कोयता हातात असलेला माणूस ठरवतो.

आमच्याकडे फक्त बाल्कनी आहे.

पुरेशी आहे. दोन-तीन देशी फुलझाडांच्या कुंड्या, फवारणी नाही, उथळ ताटलीत खडे टाकून पाणी, आणि एक कुंडी नुसत्या मातीची. पाणी रोज बदला, डास होणार नाहीत.

फरक पडतोय हे कसं कळणार?

मोजून. हातभर लांबी-रुंदीचा फुललेला तुकडा निवडा आणि १० मिनिटांत किती कीटक फुलांवर बसले ते लिहा. जाती ओळखायची गरज नाही; पाळीव मधमाशी, इतर मधमाशी, माशी, फुलपाखरू, भुंगेरा एवढे रकाने पुरे. ऊन असताना, वारा कमी असताना, दरवेळी साधारण त्याच वेळी मोजा. फोटो काढून आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकले तर जाणकार नावं सांगतात.

एका वर्षाच्या आकड्यांवरून निष्कर्ष काढू नका, पावसा-पाण्याने मोठे चढउतार होतात. रानफुलांचा पट्टा नीट बसायलाही दोन-तीन वर्षं लागतात आणि पहिल्या वर्षी तो ओकाबोकाच दिसतो. म्हणून शेजारीच जुन्या पद्धतीने कापला जाणारा एक तुकडा ठेवा आणि दोन्हीकडे मोजा. देखभालीचा ठेका नव्याने निघण्याच्या आधीच्या बैठकीत हे दोन रकाने शेजारी शेजारी मांडा.